मुंबईचा चंद्र

३ मार्च २०२६, मंगळवार. सायंकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. क्लबहाउसच्या गच्चीवर खुर्च्या साठ, माणूस एक. डोळेही, काटेकोर मोजायचे तर, एकच; कारण हणमंतराव खटावकरांचा उजवा डोळा तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने नेला होता आणि डाव्यावर आता केवळ ठळक गोष्टींपुरता भरवसा ठेवता येत होता.

खुर्च्यांच्या सहा रांगा गच्चीच्या कठड्याला समांतर नव्हत्या. सकाळी हाउसकीपिंगच्या माणसांनी त्या ‘सीधी’ करून ठेवल्या होत्या; हणमंतरावांनी त्या पुन्हा तिरप्या करून घेतल्या. रांगा कुठे तोंड करून असाव्यात हे त्यांनी फेब्रुवारीतच ठरवले होते. होकायंत्र त्यासाठी निरुपयोगी होते; स्लॅबमधल्या सळ्यांच्या सान्निध्यात त्याची सुई प्रत्येक कोपऱ्यात वेगळी उत्तर दिशा सांगत असे. म्हणून त्यांनी ओळंबा टांगला, सलग चार दिवस दुपारी त्याची सर्वांत आखूड सावली गाठली, तिच्यावर खडूने रेघ मारली आणि त्या रेघेपासून कोन मोजला. चंद्र पूर्वेच्या साडेसात अंश डावीकडे उगवणार होता. त्या दिशेला, सी टॉवर आणि डी टॉवर यांच्यामध्ये, सात अंशांची एकच मोकळी फट होती. गुरुग्रामच्या या सोसायटीत बावीस मजल्यांचे सहा टॉवर होते आणि जवळजवळ क्षितिजापर्यंत नजर पोचेल अशी जागा ही एवढीच.

मुलगी सुरुची चहाचा थर्मास घेऊन वर आली. ऑफिसातून थेट आली होती; गळ्यात अजून ओळखपत्र लटकत होते.

“बाबा, खाली कुणीच नाही. लिफ्टमध्येसुद्धा कुणी भेटलं नाही.”

“सहा वीसला बोलावलंय. आपली माणसं सहा अठराला चप्पल शोधायला लागतात.”

सुरुचीने मोबाइल काढला. मंडळाचा ग्रुप उघडून तिने बोट वर सरकवले.

“बाबा, अलकाताईंना तुम्ही वेळ काय दिली होती?”

“सहा वीस. कागदावर लिहून दिली होती.”

“ग्रुपवर सहा पंचेचाळीस आहे.” तिने वाचायला सुरुवात केली. “‘मंडळाचा होळी विशेष कार्यक्रम! फक्त दोन मिनिटांचे दुर्मीळ चंद्रग्रहण! ठीक सहा पंचेचाळीसला क्लबहाउसच्या गच्चीवर जमावे. ग्रहण सुटताच पुरणपोळीचे जेवण.’ खाली अठ्ठेचाळीस अंगठे आहेत.”

हणमंतरावांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. चंद्राचा शेवटचा काठ पृथ्वीच्या सावलीतून सहा सत्तेचाळीसला बाहेर पडणार होता. सहा पंचेचाळीसला बोलावलेली माणसे सहा पंचावन्नला येणार, आणि आल्यावर त्यांना दिसणार पौर्णिमेचा साधा, वाटोळा, कोणत्याही महिन्यात दिसणारा चंद्र. मग ती सौजन्याने म्हणणार, छान होता हं कार्यक्रम काका, आणि जेवायला खाली उतरणार.

“बोलाव तिला,” ते म्हणाले.

अलका ही सोसायटीतल्या अडतीस मराठी कुटुंबांच्या मंडळाची सेक्रेटरी. हातात ताटांची यादी घेऊन ती पाच मिनिटांत वर आली. वय बावन्न, चाल पंचविशीची. लग्न होऊन दिल्लीत आली तेव्हा ती लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये खटावकरांच्या वरच्या मजल्यावर राहत असे. ते जुने क्वार्टर्स आता पाडले गेले आहेत. पण हणमंतराव अजूनही तिला वरच्या मजल्यावरची सूनबाई समजून एकेरीत हाक मारत.

“अलका, वेळ बदललीस?”

तिने यादीची घडी करून हातात धरली. “काका, रागावू नका हं. मागच्या संकष्टीला तुम्ही मला नऊ पस्तीस सांगितलंत. मी ताट घेऊन बाल्कनीत उभी. चंद्र आला दहाला पाच कमी असताना. आणि कॅलेंडरमध्ये छापलं होतं नऊ त्रेपन्न. म्हणजे कॅलेंडरच बरोबर निघालं ना? मला वाटलं, काकांचं वय झालं, आकडा इकडचा तिकडे होणार. म्हणून मी कॅलेंडर पाहून परस्पर दुरुस्त केलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही.”

“दुरुस्तीची दुरुस्ती,” हणमंतराव म्हणाले, आणि त्यांना हसू आले. ते हसू सुरुचीला समजले; अलकाला समजले नाही.

त्या शब्दामागे अठ्ठेचाळीस वर्षे होती. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन हणमंतराव केंद्र सरकारच्या एका बांधकाम खात्यात आरेखक म्हणून लागले. सदतीस वर्षे त्यांनी पुलांचे, टाक्यांचे आणि पंपघरांचे नकाशे काढले. त्यांतल्या एकावरही त्यांचे नाव मोठ्या अक्षरात नाही, ‘काढणार’ या चौकटीत ‘ह. वि. ख.’ एवढेच आहे. त्यांची पत्नी भानुमती संकष्टी करीत असे. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत, दिल्लीतल्या पहिल्याच संकष्टीला, गावाकडून आणलेल्या मराठी कॅलेंडरात पाहून ती पावणेनऊला ताट घेऊन अंगणात गेली, तर चंद्र कडुनिंबाच्या शेंड्यावर आलेला.

“अहो, हा केव्हाचा इथे लटकतोय!” तिने आतल्या नवऱ्याला हाक मारली होती. “मुंबईच्या चंद्रासाठी मी दिल्लीत उपाशी का राहायचं?”

कॅलेंडरचा दोष नव्हता. त्यात खाली, बारीक अक्षरात, सर्व वेळा मुंबईच्या आहेत असे स्वच्छ छापलेले होते. परंतु ते बारीक अक्षर दिल्लीतल्या एकाही मराठी घराने वाचलेले नव्हते. हणमंतरावांनी लॉगरिथमची कोष्टके काढली आणि पुढच्या बारा चतुर्थींचे गणित मांडले. फरक कायमचा एक नव्हता. हिवाळ्यात दिल्लीचा चंद्र मुंबईच्या एकोणचाळीस मिनिटे आधी उगवे. उन्हाळ्यात तो उलट दोन मिनिटे उशिरा येई. त्यांनी एका जाड रजिस्टरात चार रकाने आखले: तारीख, मुंबई, दिल्ली, फरक. भानुमतीने पट्टी घेऊन पाचवा आखला आणि त्यावर लिहिले: दिसला.

“गणित तुमचं,” ती म्हणाली. “वेध मी घेणार.”

तेव्हापासून प्रत्येक संकष्टीला चौथ्या रकान्यापर्यंतचा मजकूर त्यांचा आणि पाचव्यातला आकडा तिचा. चंद्र दिसला की ती खिडकीतून वरच्या मजल्याकडे ओरडे, “आला गं!” आणि साऱ्या ब्लॉकमधले उपास सुटत. भानुमतीला जाऊन पावणेचार वर्षे झाली होती. नंतरच्या पंचेचाळीस ओळींत पहिले चार रकाने भरलेले होते. पाचवा कोरा होता. गणित करणारा माणूस शिल्लक होता, वेध घेणारा डोळा नव्हता. आज साठ खुर्च्या मांडल्या होत्या त्या एवढ्यासाठीच. मांडलेले गणित कुणीतरी आकाशात पाहून खरे ठरवायला हवे होते, आणि ते आपल्याकडून होणार नाही हे हणमंतराव जाणून होते.

“तुझी बाल्कनी बी टॉवरला ना?” त्यांनी अलकाला विचारले. “समोर काय?”

“समोर सी टॉवर.”

“त्या दिवशी चंद्र त्याच्या डोक्यावरून वर आला, की उजव्या कडेने बाहेर पडला?”

अलका आठवू लागली. “कडेने. हो, अगदी कडेने आला.”

“उगवणारा चंद्र भिंतीच्या कडेने येत नसतो. तो नऊ पस्तीसलाच उगवला होता. वीस मिनिटं सी टॉवरच्या मागे लिफ्टची वाट बघत उभा होता.”

सुरुची हसली. अलका मात्र अजून अर्धीच पटली होती. “तसं असेल काका. पण चंद्र उगवण्यात एवढा फरक? देश तर एकच आहे, घड्याळही एकच.”

“मुजावर सरांना फोन लाव. आवाज मोठा ठेव.”

मुजावर मूळचे मिरजेचे. केंद्राच्या एका लेखा कार्यालयात अधिकारी आणि मंडळाच्या गणपतीत दरवर्षी आरतीला टाळ धरणारे. रमजान चालू होता.

“सर, आज रोजा किती वाजता सोडणार?” हणमंतरावांनी विचारले.

“सहा चोवीस, काका.”

“आणि मुंबईत?”

“माझी बहीण कुर्ल्याला असते. तिच्याकडे सहा शेहेचाळीस. का हो?”

“मुंबईच्या वेळेने सोडत नाही ना तुम्ही?”

“मग मला बावीस मिनिटं जास्त उपाशी राहावं लागेल!” मुजावर फोनमध्ये हसले. “आमचं टाइमटेबल जिथलं तिथलं असतं, काका. सूर्य मावळतो तिथलं.”

“आभारी आहे. खजूर घेऊन गच्चीवरच या.” हणमंतराव अलकाकडे वळले. “पौर्णिमेला सूर्य, आपण आणि चंद्र एका रेषेत असतो, आपण मध्ये. एकीकडे सूर्य बुडाला की दुसरीकडे चंद्र वर येणारच. सूर्य इथे बावीस मिनिटं आधी बुडत असेल, तर चंद्र बावीस मिनिटं आधी यायला नको?”

अलकाने कपाळावर हात मारून घेतला. “म्हणजे मी सगळ्यांना मुंबईच्या चंद्राला बोलावलं!”

“आता किती वाजले?”

“पाच चोपन्न,” सुरुची म्हणाली.

“पण काका,” अलकाचा आवाज खाली आला, “आता सांगून तरी काय उपयोग? निम्मी घरं वेध पाळतात. सकाळपासून ओटे बंद आहेत. पुरणात तुळशीपत्र घालून ठेवलंय, पोळ्या सुटल्यावर लाटायच्या. ग्रहण सुटेपर्यंत कुणी उंबऱ्याबाहेर येणार नाही.”

हणमंतरावांनी डाव्या डोळ्याने त्या फटीकडे पाहिले. दोन करड्या आकारांमध्ये एक फिकट पट्टा. तेवढेच त्यांना दिसत होते.

“तुझी काकूही वेध पाळायची,” ते म्हणाले. “पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही. आणि ग्रहण लागलं की सगळ्यांच्या आधी अंगणात. मी एकदा चिडवलं, तर काय म्हणाली माहीत आहे? ‘वेध पाळायचे ते पोटाने, आणि घ्यायचा तो डोळ्याने.’”

अलकाने यादी बगलेत धरली. मग तिने मोबाइल तोंडाजवळ धरला आणि ग्रुपवर आवाजी निरोप सोडला.

“ऐका सगळ्यांनी. मी अलका बोलतेय. वेळ चुकली आहे आणि ती मी चुकवली आहे. खटावकर काकांनी सहा वीस दिली होती, मी जास्त शहाणपणा केला. ग्रहण दोन मिनिटांचं नाही, चोवीस मिनिटांचं आहे, आणि ते अर्ध्या तासात दिसणार आहे. ओटे बंद आहेत ना? मग घरात बसून काय करताय? भानुमती काकू म्हणायच्या, वेध पाळायचे ते पोटाने आणि घ्यायचा तो डोळ्याने. पोट घेऊन नका येऊ, डोळे घेऊन या. चलो, फटाफट!”

त्यानंतर तिने यादीचा वरचा अर्धा भाग स्वतःकडे ठेवला आणि खालचा सुरुचीला दिला. पुढची वीस मिनिटे गच्चीवर दोन आवाज एकमेकींना ओलांडत राहिले. “हो, आत्ताच... नाही हो, काही होत नाही, चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी बघतात... आजींना खुर्चीसकट आणा, लिफ्ट आहे... अरे यार, मीटिंग आहे तर हेडफोन लावून ये, बॉसला चंद्र दिसत नाही...”

सहा दहाला पहिली चार माणसे आली. सव्वासहाला बावीस झाली. सहा वीसला हणमंतरावांना पायांच्या आवाजावरून मोजणे अशक्य झाले. मुजावर सपत्नीक आले. हातात खजुराचा डबा आणि पाण्याची बाटली. मागच्या रांगेत बायकांनी आपसात कुजबुज चालवली होती. सासूला काय सांगून निघालो याच्या निरनिराळ्या आवृत्त्या होत्या.

सुधन्वा नावाचा एक तरुण इंजिनिअर पहिल्या रांगेत बसला. “काका, माझ्या ॲपवरपण चंद्रोदय सहा तेवीसलाच दाखवतंय.”

“मग सकाळी का नाही सांगितलंस?” अलका त्याच्यावर उसळली.

“ताई, कुणी विचारलंच नाही.”

दिल्लीकर जिला ममटी म्हणतात त्या जिन्यावरच्या खोलीच्या भिंतीला हणमंतरावांनी सकाळी एक मोठा कागद चिकटवला होता. त्यावर दोन आकृत्या होत्या. आंधळेपणाच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाने त्या बोटांनी चाचपत, पट्टीच्या आधाराने काढल्या होत्या. रेघा तरीही सरळ होत्या.

“तीन मिनिटं आहेत,” ते म्हणाले. “तेवढ्यात सांगतो. डावीकडचा प्लॅन आहे, म्हणजे वरून पाहिलेलं चित्र. मधोमध पृथ्वी. तिच्याभोवती चंद्राची फेरी. महिन्यातून एकदा चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये येतो, ती अमावास्या. एकदा पृथ्वीच्या मागे जातो, ती पौर्णिमा. अमावास्येला चंद्राची सावली आपल्यावर पडली तर सूर्यग्रहण. पौर्णिमेला आपली सावली चंद्रावर पडली तर चंद्रग्रहण. झालं.”

“मग दर महिन्याला का नाही होत?” सुधन्वाने विचारले.

“प्लॅन पाहणारा माणूस नेहमी हेच विचारतो. म्हणून कुठल्याही कामाला एलिव्हेशन लागतं.” त्यांनी पट्टी उजव्या आकृतीवर नेली. “हे बाजूने पाहिलेलं. चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून तरी जातो, नाहीतर खालून. ही कललेली वाट आणि सूर्याची वाट दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. तिथे मी फुल्या मारल्या आहेत. अमावास्या किंवा पौर्णिमा या फुलीजवळ आली, तरच ग्रहण.”

“त्या फुल्यांना नाव आहे का काही?” मागून एका वृद्ध बाईंनी विचारले.

“तुम्हाला माहीत आहे ते. एक राहू, एक केतू.”

गच्चीवर हशा पिकला. “अगंबाई! एवढासाच होय राहू?” त्या बाई म्हणाल्या. “जन्मभर भ्यायले मी त्याला!”

“आणि आता शेवटचं. चंद्राची सावली पेन्सिलीच्या टोकासारखी. सूर्यग्रहण म्हणून थोड्याच जागी पुरं दिसतं. पृथ्वीची सावली मोठी. चंद्र तिच्यातून केव्हा सुटणार ती वेळ मुंबईला, दिल्लीला, सगळ्यांना एकच: सहा सत्तेचाळीस. फक्त तो तुमच्या गच्चीवर केव्हा येणार, ते तुमच्या गच्चीनं ठरवायचं. म्हणून मुंबईला दोन मिनिटं आणि आपल्याला चोवीस. आज तो ग्रस्तोदित आहे. म्हणजे लागलेल्या ग्रहणासकटच उगवणार.”

“सहा तेवीस,” सुरुचीने पुकारले.

सारी गच्ची फटीकडे वळली. फटीत काहीही नव्हते.

सूर्य पाठीमागे बुडाला होता. मुजावरांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले आणि डबा शेजाऱ्याकडे सरकवला. वेध पाळणाऱ्या शेजाऱ्याने तो नमस्कार करून पुढे दिला. सहा पंचवीस. फटीच्या तळाशी मातकट धुरक्याची भिंत उभी होती.

“काय दिसतंय?” हणमंतरावांनी विचारले.

“काहीच नाही बाबा. धूर आहे नुसता.”

सहा अठ्ठावीस. खुर्च्या करकरू लागल्या. मागे कुणीतरी दबक्या आवाजात म्हणाले, “दिल्लीच्या हवेत ताजमहालसुद्धा दिसायचा नाही,” आणि दुसऱ्याने उत्तर दिले, “तो आग्र्याला आहे, यार.” हसणे झाले, पण त्या हसण्यात उठण्याची तयारी होती. अलका हणमंतरावांच्या खुर्चीमागे उभी होती. तिने त्यांच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, आणि ते त्यांना प्लॅस्टिकमधून स्पष्ट कळत होते.

गणित चुकले नव्हते. परंतु चंद्र क्षितिजाजवळ असताना किती धूर त्याला गिळेल, याचे कोष्टक कोणत्याही पुस्तकात नव्हते. त्याला पाचवा रकानाच लागतो.

हणमंतराव उठले.

“जमिनीलगत बघू नका. तिथे धूर आहे. आधी वर बघा. फटीत, धुराच्या वर, करडा-निळा पट्टा आहे?”

“आहे,” बरेच आवाज आले.

“तीच पृथ्वीची सावली. रोज संध्याकाळी येते, कुणी पाहत नाही. सी टॉवर, डी टॉवर, आपण सगळे तिच्यात आहोत. चंद्रही अजून तिच्यातून पुरता निघालेला नाही. आता उजवा हात समोर ताठ करा. बोट आडवं धरा. एक बोट म्हणजे दोन अंश. डी टॉवरच्या कडेपासून डावीकडे दोन बोटं, आणि जमिनीपासून वर एक बोट. तिथे बघा. पांढरा शोधू नका. तो तांबूस असेल, फिका, आणि वरून कापलेला.”

पन्नास हात पूर्वेकडे ताठ झाले. पन्नास बोटे आडवी झाली. क्षणभर गच्ची एखाद्या सर्वेक्षण पथकासारखी दिसत असावी. ती हणमंतरावांना दिसली नाही, पण बांगड्यांचा आणि घड्याळांचा आवाज एकदम झाला तो त्यांनी ऐकला.

मग त्यांच्या पाठीमागून, खिडकीतून वरच्या मजल्याकडे टाकावी तशी हाक आली.

“आला! काका, आला!”

अलका होती ती.

“कुठे? कसा?”

“तुम्ही म्हणालात तिथेच! दोन बोटं! तांबडा आहे... वरचा भाग नाहीच आहे त्याला! कुणी चमच्याने काढून घेतल्यासारखा!”

“वेळ?”

“सहा तेहतीस,” सुरुचीचा आवाज चिरकला.

आणि मग एकेका रांगेतून तो दिसत गेला. “तो बघ, तो!” “अरे हा तर टोपी काढून आलाय!” “सावलीची कड गोल आहे, बघा, गोल!” “आई, इकडे, माझ्या बोटावरून बघ.” हेडफोन लावलेला मुलगा मीटिंगमध्येच ओरडला, “सर, एक मिनट, चाँद निकल आया है!” मुजावर आजींच्या रांगेमागे उभे राहून एकेकीला दिशा दाखवत होते. राहूला जन्मभर भ्यालेल्या बाई खुर्चीवरून उठून कठड्यापाशी गेल्या होत्या आणि मागे यायला तयार नव्हत्या.

हणमंतराव बसून राहिले. सगळ्यांची तोंडे पूर्वेला होती, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते, आणि ते त्यांना बरे वाटले. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा चढवला. करड्या-निळ्यात करडे-निळेच दिसत होते. चंद्र दर मिनिटाला धुरातून थोडा वर सरकत होता. प्रश्न एवढाच होता की चंद्र आधी पुरेसा उजळ होतो, की ग्रहण आधी संपते.

सहा अडतीसला त्यांच्या डाव्या डोळ्यात, दोन गडद आकारांच्या मध्ये, एक ठिपका तापू लागला. ते हलले नाहीत. ठिपक्याला कड आली. खालची कड गोलाईने वळली, बाजूच्या दोन्ही वळल्या, आणि वर, जिथे त्या एकमेकींना मिळायला हव्या होत्या तिथे, रेषा किंचित सपाट होती. नकाशा तपासणारा वरिष्ठ एखाद्या कोपऱ्यावर बोट ठेवून थांबे, तसे ते त्या सपाट रेषेवर थांबले. चूक नव्हती. सावली होती.

“सुरुची,” ते हळू आवाजात म्हणाले, “वरून थोडा डावीकडे कापलाय. बरोबर?”

सुरुचीने वळून त्यांच्याकडे पाहिले. मग पुन्हा चंद्राकडे पाहून खात्री केली.

“बिल्कुल बरोबर, बाबा.”

सहा पंचेचाळीसला जिन्यातून धापा टाकत एक जोडपे वर आले. त्यांनी निरोप ऐकलेला नव्हता. “वेळेवर आलो ना? ठीक पावणेसात!”

“या, या,” सुधन्वा म्हणाला. “मुंबईहून आलात वाटतं?”

गच्ची हसली. जोडप्याला काही कळले नाही. पण लोकांनी त्यांना वाट करून दिली आणि चंद्राच्या माथ्यावर उरलेली नखाएवढी सावली त्यांनाही मिळाली. सर्वांची बडबड आपोआप थांबली. घड्याळ सुरुचीच्या हातात होते.

“सहा सत्तेचाळीस.”

“सुटलं,” हणमंतराव म्हणाले.

टाळ्या वाजल्या. कुणी चंद्राला वाजवल्या, कुणी काकांना. त्यांत निवड करता येण्यासारखी नव्हती. बायका लगबगीने खाली निघाल्या, कारण आता ओटे उघडणार होते आणि पोळ्या लाटायच्या होत्या. जाता जाता प्रत्येकजण हणमंतरावांपाशी थांबत होता. राहूवाल्या बाईंनी विचारले, “पुढच्या संकष्टीला चंद्र किती वाजता हो?” त्यांच्या मागच्या तिघींनी पिशव्यांतून मोबाइल काढले आणि उत्तर टिपून घेण्यासाठी त्या उभ्या राहिल्या. हणमंतरावांनी आकडा सांगितला. आणि कोणत्या टॉवरला किती मिनिटे मिळवायची, तेही सांगितले.

अलका आणि सुरुची सोडून गच्ची रिकामी झाल्यावर त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढले. सुरुचीने मोबाइलचा उजेड पानावर धरला. शेवटच्या ओळीखाली, बोटाने रेघ चाचपत, त्यांनी चार रकाने भरले. तारीख ३-३-२६. मुंबई १८.४५. दिल्ली १८.२३. फरक २२. मग पेन अलकापुढे धरले.

“पाचवा तुझा. तू पाहिलास.”

अलकाने पान पाहिले. वरचे पंचेचाळीस कोरे चौकोन पाहिले. त्यांच्याही वर ओळीने उतरत आलेले, किंचित डावीकडे कललेले आकडे पाहिले. ते अक्षर तिला ओळखू आले. तिने पदराने बोटे पुसली आणि जपून, त्याच उतारावर, लिहिले: १८.३३.

“ताटं किती लागतील?” हणमंतरावांनी विचारले.

“मोजली मी. तुम्हाला सोडून त्रेपन्न माणसं होती काका. तुम्हाला धरून चौपन्न.”

त्यांनी मनात गुणाकार केला, त्यात एक मिळवला, आणि ओळीच्या शेवटी, शेऱ्याच्या जागी, स्वतःच्या हाताने लिहिले:

पाहणारे डोळे: १०७.